एकही ओळ बदलली नाही, तरी ‘मेक’ सगळं पुन्हा का कंपाइल करतं?

तुम्ही म्हणता, दुसऱ्या ब्रँचवर, म्हणजे कोडच्या दुसऱ्या शाखेवर, जाऊन लगेच परत आलो, कोडला हातही लावला नाही, तरी मेक या बिल्ड करणाऱ्या साधनाने अख्खा प्रोजेक्ट पुन्हा बिल्ड केला. हात तुम्ही नाही, कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटने लावला. दोन ब्रँचमध्ये ज्या फाइल्स वेगळ्या आहेत, त्या गिट जाताना आणि येताना नव्याने लिहितं. मजकूर तोच, पण फाइल बदलल्याची वेळ आत्ताची पडते. जुनी वेळ गिट साठवतच नाही. त्यात सगळीकडे इन्क्लूड होणारी एखादी हेडर फाइल असली की झालंच, तिच्यावर अवलंबून असलेलं सगळं पुन्हा कंपाइल होतं.

मेक १९७६ सालचं, बेल लॅब्समधलं. ते फाइलच्या आत डोकावत नाही. सोर्सची वेळ त्यापासून कंपाइल होऊन बनलेल्या ऑब्जेक्ट फाइलच्या नंतरची आहे का, एवढंच बघतं.

उगाच बिल्ड झालेलं परवडलं, उलटं झालं की रडवतं. महापेला ऑफिसात एकदा मी एका फाइलमध्ये घोळ घातला आणि बॅकअपमधून कालची प्रत आणली. सीपी या कॉपी करणाऱ्या कमांडला ‘-पी’ लावलं होतं, त्यामुळे वेळही कालचीच आली. ऑब्जेक्ट फाइल मात्र आजची, घोळवाल्या कोडची. मेक म्हणे, सगळं अद्ययावत आहे! दीड तास मी अगदी बरोबर असलेल्या कोडमध्ये चूक शोधत बसलो. शेवटी ‘एलएस -एल’ करून तारखा पाहिल्या, फाइलला टच मारलं, म्हणजे तिची वेळ आत्ताची केली, मेक पुन्हा चालवलं, आणि प्रोग्राम निमूट चालला.

लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर घड्याळही तपासा. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात भारतीय वेळ ठेवतं, लिनक्स तिला यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, समजतं आणि साडेपाच तास पुढे जातं. नेट मिळालं की वेळ सुधारते. मी वाशी-ठाणे लोकलमध्ये नेटशिवाय एक हेडर सेव्ह केली आणि घरी आल्यावर तिची वेळ मध्यरात्रीनंतरची! दर बिल्डला ‘क्लॉक स्क्यू’ची, म्हणजे फाइलची वेळ भविष्यातली असल्याची, वॉर्निंग, आणि दर वेळी सगळं पहिल्यापासून. लिनक्सला ‘हे घड्याळ स्थानिक वेळेचं आहे’ असं सांगितल्यावर पुन्हा तसं झालं नाही.

तुमच्यासाठी सोपा उपाय म्हणजे ‘गिट वर्कट्री’. प्रत्येक ब्रँचला वेगळा फोल्डर, त्यामुळे फाइल्स पुन्हा लिहिल्याच जात नाहीत. वेगळे फोल्डर नको असतील तर सीकॅश लावा, ते आधी कंपाइल झालेलं साठवून पुन्हा वापरतं. ते वेळ नाही, मजकुराचा हॅश बघतं. लिंकिंग, म्हणजे ऑब्जेक्ट फाइल्स जोडून प्रोग्राम बनवणं, तेवढं दर वेळी होईल.