आवराआवर : माळा, कागद आणि परसातला ढीग

प्रश्न : दर मे महिन्यात दहा दिवस गावच्या घरी जातो. गेल्या वर्षी माळ्यावरची बोचकी उघडून गोधड्या, चादरी, सासूबाईंची लुगडी झाकणाच्या प्लास्टिक डब्यांत भरली. गणपतीला उघडली तर काळे ठिपके आणि कुबट वास. मग बोचकीच बरी होती का? (एक वाचक, गुहागर)

उत्तर : एका अर्थी बरीच होती. सुती बोचक्यात हवा खेळते. डब्यात मात्र कापडातली ओल कोंडली जाते. गोधडी हाताला कोरडी लागली तरी आतून सादळलेली असते, आणि मे अखेरीस किनाऱ्यावरची हवा आधीच दमट. अशा वेळी झाकण लावलं की बुरशीची सोय झालीच.

यंदा नवे डबे आणण्याआधी नग कमी करा. गणपतीत घरात बारा माणसं निजत असतील तर चौदा-पंधरा पांघरुणं पुरेत. माळ्यावर बहुधा तीस निघतील. उसवलेल्यांचे तुकडे करून पायपुसणी करा. 'कधीतरी दुरुस्त करू' म्हणून परत वर चढवू नका.

झाडू मारण्याआधी उंदरांच्या लेंड्या बघा. सुक्या झाडल्या तर धूळ नाकात जाते. मास्क आणि रबरी मोजे घालून एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी शिंपडा, दहा मिनिटांनी फडक्याने उचला. हाताला चीर असेल तर मोजे हवेतच. लेप्टो हा ताप उंदरांच्या मुतातूनही पसरतो.

गोधड्या सलग तीन दिवस, सकाळी दहा ते तीन, दोरीवर एकेरी टाका आणि मध्ये एकदा उलटा. चारच्या आत घरात घ्या, नाहीतर संध्याकाळच्या वाऱ्याने पुन्हा सादळतात. गरम घडी लगेच डब्यात नको. तासभर पसरून निवू द्या, मग त्याच संध्याकाळी भरा. पन्नास लिटरच्या डब्यात साधारण २०० ग्रॅम सिलिका जेल (ओल शोषणारे मणी) पुरचुंडीत बांधून ठेवा. झाकण सैल असेल तर ते काही आठवड्यांतच ओल पिऊन निकामी होतं, म्हणून रबरी कड असलेलाच डबा घ्या. निळे मणी टाळा, त्यांत कोबाल्टचा क्षार असतो.

लुगड्यांना प्लास्टिक नकोच. धुतलेल्या मलमलीत गुंडाळा आणि दरवर्षी घडीची रेघ बदला, नाहीतर जरीची तार त्याच रेघेवर तुटते. डांबरगोळी जरीला लागू देऊ नका. डबे भिंतीपासून चार बोटं दूर, लाकडी पट्ट्यांवर ठेवा. पुठ्ठ्याची खोकी म्हणजे वाळवीला जेवणच.

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत जमिनीचे कागद, पावत्या, काही मोडी लिपीतले. काय ठेवायचं? लॅमिनेट करून घेऊ का? (एक वाचक, मालवण)

उत्तर : लॅमिनेशन करू नका. उष्णतेने चिकटलेलं प्लास्टिक पुन्हा निघत नाही, आणि आत ओल राहिली तर कागद तिथेच काळवंडतो. खरेदीखत, वाटणीपत्र, मृत्युपत्र, हाताने लिहिलेले जुने सातबारे आणि फेरफार ठेवायचेच. अलीकडच्या सातबाऱ्याच्या झेरॉक्स मात्र बिनधास्त टाकून द्या. डिजिटल सहीचा उतारा ऑनलाइन मिळतो. मोडीतलं वाचून घेईपर्यंत एकही पान टाकू नका, त्यात गहाणखतही असू शकतं. गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपल अलगद काढा, मोबाइलवर फोटो घ्या, कागद सुती कापडात आडवे ठेवा. सोबत एका पानावर गट नंबरांची यादी. पुढच्या वेळी ट्रंक उपसावी लागणार नाही.

त्याच ट्रंकेत पितळी-तांब्याची भांडी असतील आणि मोडीत काढणार असाल तर वजनाआधी तांबं वेगळं करा. त्याचा भाव पितळेपेक्षा जास्त असतो. एकत्र घातलं की सगळं पितळेच्या भावात जातं.

प्रश्न : परसात कौलं, चिरे, सोडणं (नारळाची सालं) यांचा ढीग आहे. सगळा हलवू का? (एक वाचक, देवगड)

उत्तर : सोडणं आणि करवंट्या आधी काढा, करवंटीत पाणी साचून डास होतात. चिरे उचलताना बूट घाला, आधी काठीने हलवा. तुमच्या भागात चिऱ्यांखाली फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप, असतं. कौलं पंचवीस-तीस ठेवा, तीही छपरावरच्याच कारखान्याच्या छापाची; दुसऱ्या छापाची खाच जुळत नाही आणि पाणी आत येतं. कडेवर उभी रचा. आडवी रास घातली की खालची तडकतात.