वितंडवाद, हेत्वाभास आणि शितावरून भात

प्रश्न असा आलाय: सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकाने विचारलं की टाकी धुण्याचे दर मागच्या वर्षीपेक्षा इतके का वाढले, तर त्याला ऐकवलं गेलं, "उगाच वितंडवाद घालू नका". तर वितंडवाद म्हणजे नक्की काय? आणि लॉजिकल फॅलसीला, म्हणजे युक्तिवादातल्या चुकीला, मराठीत धड शब्द आहे का, की 'तर्कदोष'वरच भागवायचं?

शब्द आहे आणि चांगला जुना आहे, हेत्वाभास. इथे हेतू म्हणजे उद्देश नव्हे हं, एखादी गोष्ट सिद्ध करायला जे कारण पुढे करतो ते. कारणासारखं दिसतं पण कारण नसतं, तो हेत्वाभास. न्यायशास्त्र म्हणजे इथे कोर्टकचेरी नव्हे, तर्क आणि वादविवादाचं जुनं शास्त्र; त्याचा मूळ ग्रंथ म्हणजे गौतम ऋषींचं न्यायसूत्र, त्यात याचे ५ प्रकार सांगितलेत, त्यातला पहिला मला फार आवडतो, 'सव्यभिचार'. धूर दिसतोय म्हणजे आग आहे हे बरोबर, पण आग आहे म्हणजे धूर असणारच असं कुणी म्हणालं तर त्याला लोहाराकडचा तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा दाखवायचा, आग आहे आणि धुराचा पत्ता नाही. म्हणजे दिलेलं कारण एकाच ठिकाणी टिकून राहत नाही, भलतीकडेही भटकतं. मराठीत व्यभिचार हा शब्द एकाच अर्थाला चिकटून बसल्यामुळे हा मूळचा 'वाट सोडून जाणं' आपल्या लक्षातच येत नाही.

तर्कदोष चुकीचा नाही, मीही वापरतो. कारणच पोकळ असेल तर हेत्वाभास म्हणावं, आणि मुद्दा सोडून माणसावर घसरणं, विषय भलतीकडे नेणं वगैरे सगळ्याला मोघम तर्कदोष.

पण मला विचाराल तर आपल्या म्हणी या दोन्ही शब्दांपेक्षा जास्त कामाच्या आहेत. आमच्याकडे कुणाला सर्दी झाली की मावशी काढा देते, चौथ्या दिवशी सर्दी जाते आणि श्रेय काढ्याला. आजी तिथल्या तिथे म्हणायची, "अगं, कावळा बसायला नि फांदी तुटायला एकच गाठ पडली". आधी हे झालं, मग ते झालं, म्हणून याच्यामुळेच ते झालं, ही चूक एका वाक्यात पकडली की! संस्कृतात हाच काकतालीय न्याय, तिथे कावळा बसतो आणि ताडाचं फळ पडतं, मराठीत येता येता फळाची फांदी झाली.

'शितावरून भाताची परीक्षा' मात्र जपून वापरायला हवी. भात नीट शिजलाय का बघायला एक शीत दाबून बघणं चालतं, कारण सगळे दाणे एकाच भांड्यात, एकाच आचेवर, तेवढाच वेळ शिजलेले असतात. "आमचे आजोबा जन्मभर तंबाखू खायचे, नव्वदीपर्यंत ठणठणीत होते" म्हणणारा एका शितावरून अख्ख्या गावाची परीक्षा करतो, आणि माणसं काही एका भांड्यात शिजलेली नसतात. म्हण खोटी नाही, ती जिथे लावली ती जागा चुकली.

आणि एक म्हण तर स्वतःच तर्कदोषाचं हत्यार होते, 'लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण'. सिगरेट ओढणारे डॉक्टर सांगतात सिगरेट सोडा, की लगेच ही म्हण त्यांच्या तोंडावर. अरे पण डॉक्टर ओढतात म्हणून सिगरेट अपायकारक असल्याचं खोटं ठरतं का? म्हण त्यांच्या वागण्याबद्दल बोलते, त्यांच्या म्हणण्याला ती हातही लावत नाही. घरोघरच्या वादात मला ही गल्लत सगळ्यात जास्त दिसते, आणि समोरचा गप्प होतो म्हणून बोलणाऱ्याला वाटतं आपण जिंकलो.

आता वितंडवाद. न्यायशास्त्रात चर्चेचे ३ प्रकार: वाद, जल्प आणि वितंडा. वाद म्हणजे खरं काय ते शोधायला दोघांनी मिळून केलेली चर्चा, 'वादे वादे जायते तत्त्वबोधः' मधला वाद तो हाच. जल्प म्हणजे काहीही करून जिंकायचंच म्हणून बोलणं. आणि वितंडेची सूत्रातली व्याख्या आहे 'स प्रतिपक्षस्थापनाहीनो वितण्डा', म्हणजे स्वतःची बाजू मांडायचीच नाही, फक्त दुसऱ्याची खोडायची. टँकर मागवू म्हटलं की महाग पडेल, बोअर मारू म्हटलं की पाणी लागणार नाही, मग तुम्हीच सांगा काय करायचं, तर "ते मला माहीत नाही, पण हे चालणार नाही", ही खरी वितंडा. मुळात वाद आणि वितंडा हे वेगवेगळे प्रकार, पण मराठीत वाद म्हणजे सरसकट भांडण झाल्यामुळे 'वितंडवाद' हा जोडशब्द आपल्याला खटकत नाही. आता तो रुळलाय, राहू दे. शब्दच्छल मधला छलही तिथलाच, समोरच्याच्या शब्दाचा त्याच्या मनात नसलेला अर्थ लावून त्याला खोडणं. नवकंबल म्हणजे नवं कांबळं पांघरलेला, पण छल करणारा म्हणतो नऊ कांबळी कुठायत, एकच तर दिसतंय. काहीजण 'शब्दछळ' लिहितात ते नको, छळ हे छलचंच मराठी रूप असलं तरी आता त्याचा अर्थ त्रास देणं असा झालाय.

तेव्हा टाकीचे दर विचारणं हा वितंडवाद मुळीच नाही. त्याने कुणाची बाजू खोडली नव्हती, आकडा मागितला होता. उलट "वितंडवाद घालू नका" म्हणून आकडा द्यायचं टाळणं याला त्याच शास्त्रात शब्द आहे, अर्थांतर, विषय सोडून दुसरंच बोलणं, आणि वादात हरलो असं ज्यावरून धरतात त्या २२ निग्रहस्थानांपैकी ते एक आहे. पुढच्या मीटिंगला दर पुन्हा विचारा.