लिस्ट आपली, मग हे चाचा कुठून आले?

प्रश्न: ओपनएसएसएल ३ (एन्क्रिप्शनची लायब्ररी) घेऊन सी मध्ये एक छोटा सर्व्हर लिहिलाय. 'सेट सायफर लिस्ट'ला (कोणते सायफर, म्हणजे डेटा गुप्त करायच्या पद्धती, चालतील ते सांगणारं फंक्शन) मी एकच नाव दिलं, एईएस-२५६ जीसीएमवालं, आणि बाकी सगळं बंद झालं म्हणून निवांत होतो, पण काल लॉग बघतो तर माझा फोन चाचा२० या भलत्याच सायफरवर जोडलेला! फंक्शन तर १ परत देतंय, मग चुकलं कुठं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: चाचा मागच्या दारानं आलेत. ती लिस्ट फक्त टीएलएस (जोडणी सुरक्षित करणारा प्रोटोकॉल) १.२ आणि त्याच्या आधीच्यांना लागू. १.३ साठी 'सेट सायफरस्वीट्स' हे वेगळंच फंक्शन आहे, २०१८ च्या ओपनएसएसएल १.१.१ पासून, आणि तुम्ही त्याला हातच लावला नाही म्हणून तिथं डिफॉल्टचे तिघं तसेच बसलेत: एईएस-२५६, चाचा२०, एईएस-१२८. त्यातून क्रम कोणाचा चालणार? तर सर्व्हरला काही सांगितलं नसेल तर क्लायंटचा. तुमच्या फोननं चाचा पहिला मागितला, सर्व्हरनं दिला, संपला विषय.

आपला क्रम चालवायचा असेल तर 'सायफर सर्व्हर प्रेफरन्स' हा ऑप्शन लावा. पण चाचाला हाकलू नका हो! तो काही कच्चा नाही, त्याची की (किल्ली) २५६ बिटचीच आहे, आणि ज्या फोनच्या प्रोसेसरमध्ये एईएसची सोय नसते तिथं तो एईएसपेक्षा पटकन चालतो. त्यासाठी 'प्रायोरिटाइज चाचा' सोबत लावा, म्हणजे क्लायंटनं चाचा पहिला मागितला तरच तो वर येतो, बाकीच्यांना तुमचाच क्रम.

आता ते १. त्यावर भरवसा ठेवू नका. लिस्टमधलं एक जरी नाव ओळखीचं निघालं तरी १ येतं, बाकीची चुकलेली नावं गुपचूप गाळली जातात. मी एकदा १.२ च्या नावात डॅशच्या जागी अंडरस्कोअर टाकला (१.३ च्या नावांत अंडरस्कोअरच असतात ना, हाताला तीच सवय) आणि अर्धा दिवस घालवला, एरर काही येईना. तेव्हापासून लिस्ट कोडमध्ये टाकायच्या आधी टर्मिनलवर 'ओपनएसएसएल सायफर्स' ला देऊन बघतो, काय उरलं ते तिथंच दिसतं.

आणि एखादं कायमचं काढायचं तर नावाआधी उद्गारचिन्ह द्या, वजाचं चिन्ह नको, वजावालं पुढं कुठंतरी परत आत येऊ शकतं.