पहिल्या तीन पोळ्या : सजगतेबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पहाटे साडेपाचपासून डबे, मुलाची शाळा, सासूबाईंची औषधं. ‘रोज वीस मिनिटं ध्यानाला बसा’ हे नुसतं वाचूनही दडपण येतं. काम करता करता माइंडफुलनेसचा, म्हणजे आत्ता जे करतो आहोत त्याकडे सजगपणे लक्ष देण्याचा, सराव होऊ शकतो का?
– एक गृहिणी, सांगली

उत्तर : होऊ शकतो, आणि चांगला होतो. फक्त ‘आजपासून दिवसभर सजग राहीन’ असं ठरवू नका. तो संकल्प दुपारपर्यंतही टिकत नाही. रोज होणारं, हातांनी करायचं, पाच-सात मिनिटांचं एकच काम निवडा. पोळ्या त्याला फार सोयीच्या. सकाळच्या पहिल्या तीन पोळ्या, बस्स.

गोळा हातात घेतला की कणीक गार आहे की कोमट, बोटांना चिकटते का, ते जाणवू द्या. लाटताना कुठल्या हाताचा दाब जास्त पडतो? पोळी तव्यावर टाकल्यावर पहिला फुगा कडेला येतो की मध्ये? उलटल्यावर वास कसा बदलतो? मध्येच ‘भाजी पुरेल का’ हा विचार येणारच. आला की मनात ‘बेत’ एवढा एकच शब्द म्हणा आणि तळहाताखालच्या लाटण्याकडे परत या. चौथ्या पोळीपासून रेडिओ लावा, गप्पा मारा, काहीही करा.

बहुतेकांचं चुकतं ते असं : ‘आता मी लाटते आहे, आता पीठ लावते आहे’ असं मनातल्या मनात समालोचन सुरू होतं. मग लक्ष शब्दांवर जातं, स्पर्श सुटतो. काही जणी मुद्दाम सावकाश करायला लागतात. पोळी करपते, उशीर होतो आणि चिडचिड वाढते. नेहमीच्याच वेगाने करा. दोन-तीन आठवड्यांनी हे सगळं अंगवळणी पडून मन पुन्हा भटकायला लागलं, तर काम बदला. भांडी विसळताना मनगटावरून वाहणारं पाणी घ्या, किंवा कपडे पिळताना दंडात येणारा ताण.

प्रश्न : डोळे मिटून बसलो की विचार दुपटीने येतात. सहा महिने झाले, मन रिकामं होत नाही. माझं काय चुकतं?
– एक निवृत्त शिक्षक, नाशिक

उत्तर : सराव चुकत नाही, अपेक्षा चुकते. विचार वाढलेले नाहीत. एरवी गडबडीत दिसत नव्हते, ते आता दिसतात. मन रिकामं करणं हे या सरावाचं उद्दिष्टच नाही. सजगतेसाठी पाली या जुन्या बौद्ध ग्रंथांच्या भाषेत ‘सती’ हा शब्द आहे, म्हणजे आपल्या संस्कृतातली ‘स्मृती’. आपण आत्ता काय करतो आहोत याची आठवण असणं, हा त्याचा गाभा. ती आठवण सुटते, सुटल्याचं कळतं, आपण परत येतो. ‘अरे, मी भलतीकडेच गेलो’ हे कळण्याचा क्षण म्हणजेच सराव. दहा मिनिटांत चाळीस वेळा भटकलात आणि चाळीस वेळा परत आलात, तर ती बैठक उत्तम झाली.

परत यायला खुंटी हवी म्हणून श्वास मोजा. प्रत्येक उच्छ्वासाला एक आकडा, दहापर्यंत, मग पुन्हा एकपासून. मध्येच विसरलात तर एकवर या. कितवर होतो ते आठवत बसू नका. भानावर आलात तेव्हा आकडा चौदा-पंधरावर गेलेला असेल, तर मोजणी यांत्रिक झाली आहे असं समजा. मग काही दिवस श्वास आत घेताना मोजा.

बैठकही तपासा. मांडी घालत असाल तर ढुंगणाखाली घडी केलेली चादर घ्या, चार-पाच बोटं उंच, म्हणजे गुडघे कमरेच्या खाली राहतील. ही उंची नसली की पाठीला पोक येतो आणि पायांना लवकर मुंग्या येतात. गुडघे दुखत असतील तर बिनदिक्कत खुर्ची घ्या; पाठ न टेकता, दोन्ही तळवे जमिनीवर. डुलकी लागत असेल तर डोळे अर्धवट उघडून तीन-चार फुटांवरच्या फरशीकडे बघा. जेवणानंतर लगेच बसू नका.

प्रश्न : श्वासाकडे लक्ष दिलं की तो अडखळतो, छाती आवळते.
– एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : पाहता पाहता आपण श्वास चालवायला लागतो, म्हणून असं होतं. महिनाभर श्वास सोडून द्या. तळपायांचा जमिनीला होणारा स्पर्श किंवा आजूबाजूचे आवाज घ्या. त्यांच्यावर आपला ताबा नसतो. एरवीही छाती आवळत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : कल्याण ते मुंबई रोज लोकल, बहुतेक वेळा उभ्याने. या गर्दीत काही करता येईल?
– एक नोकरदार, कल्याण

उत्तर : दोन स्टेशनांमधलं एकच अंतर ठरवा. स्लो गाडी असेल तर ठाणे ते मुलुंड. तेवढा वेळ मोबाइल खिशात, डोळे उघडे. ब्रेक लागला की वजन टाचांवरून चवड्यांवर कसं सरकतं, कडी धरलेल्या खांद्यात काय होतं, ते पाहा. कुणी ढकललं की राग येईल. तो जबड्यात आवळतो की पोटात, एवढंच टिपा. राग गिळायची गरज नाही. दारात उभे असताना किंवा उतरायच्या वेळी हे करू नका. तेव्हा सगळं लक्ष पायांखाली आणि फलाटावर हवं.

प्रश्न : आईला नैराश्यासाठी गोळ्या सुरू आहेत. तिला इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला पाठवावं का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : सध्या पाठवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. विपश्यना ध्यान शिकवणारे सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतलं इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र 1976 पासून आहे आणि शिबिरासाठी शुल्क घेतलं जात नाही. पण तिथला दिनक्रम कठोर असतो : पहाटे 4 ला उठणं, दिवसाला साधारण 10 तास ध्यान, दहाव्या दिवसापर्यंत मौन. मन आधीच खचलेलं असताना इतका वेळ एकांतात मनाकडे लक्ष देत राहणं काहींना उलट त्रासदायक ठरतं. प्रवेशअर्जात मानसिक आजार आणि औषधांबद्दल विचारलेलं असतं. ती माहिती लपवून जागा मिळवणं धोक्याचं.

शिबिरासाठी किंवा ध्यानाने बरं वाटतंय म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका, कमीही करू नका. मानसोपचारतज्ज्ञांना विचारा. त्यांनी हरकत नाही म्हटलं तर घरीच, तुम्ही शेजारी बसून, डोळे उघडे ठेवून, पाच मिनिटांपासून सुरुवात करा. जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेतल्या मॅसेच्युसेट्समध्ये रुग्णांसाठी सुरू केलेला सजगतेच्या सरावाचा 8 आठवड्यांचा कार्यक्रमही घरी राहून, आठवड्यातून एकदा वर्गाला जाऊन करायचा असतो. त्या धर्तीचा वर्ग चालवणारा प्रशिक्षित मानसतज्ज्ञ जवळपास मिळाला, तर आईसाठी तो जास्त सुरक्षित. सरावात तिला रडू आलं तर थांबा, दिवा लावा, चहा करा. दोन-तीन दिवस झोप उडालेली दिसली, तर सराव बंद करून डॉक्टरांना फोन करा.