गुऱ्हाळाच्या शेडमधली वाफ कशी काढावी?

प्रश्न : आमचं गुऱ्हाळ मोहोळ तालुक्यात आहे. पूर्वी पाचटाचं छप्पर होतं. आगीच्या भीतीनं गेल्या वर्षी ३० बाय ४० फुटांची पत्र्याची शेड केली. आता पहाटे वाफेनं समोरचा माणूस दिसत नाही आणि पत्र्याचं पाणी काहिलीत गळतं. काहील ९ फुटी, एका आधणाला हजार लिटर रस. कॅनडात मेपलच्या रसाचा पाक करतात, त्या शेडच्या आढ्यावर छोटं दुसरं छप्पर असतं, असं मोबाइलवर पाहिलं. ते आपल्याकडे चालेल का?
– एक गुऱ्हाळमालक

उत्तर : चालेल, आणि हंगाम संपायची वाट न बघता करा. माझं अक्कलकोट रोडला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. चादरीचं सूत रंगवतात त्या डाय हाऊसच्या शेड केल्या, गुऱ्हाळांच्याही केल्या. पंढरपूरकडच्या एका गुऱ्हाळाला मी आढ्यावर वाफेची वाट ठेवली होती, पण काहील आढ्यापासून ८ फूट बाजूला होती. डिसेंबरात मालकांनी पहाटे बोलावून नेलं. वाफ सरळ वर जाऊन गार पत्र्याला लागत होती आणि आढ्याकडे सरकेपर्यंत तिचं पाणी होत होतं. बोल्टच्या टोकाला थेंब लोंबत होता. तळहातावर घेतला तर तांबूस, गंजाचा. तो गुळात जात होता. ते छप्पर मी माझ्या खर्चानं बदलून दिलं.

पाचट वाफ पितं आणि झिरपवत बाहेर सोडतं. पत्र्याला ते जमत नाही. तुमच्या एका आधणातून ८०० लिटरच्या आसपास पाणी उडतं. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटींहून जास्त जागा मागते. शेडची सरासरी उंची १४ फूट धरली, तर अख्खी शेड पावणेतीन वेळा भरेल एवढी वाफ होते.

मेपलच्या रसात साखर जेमतेम २ टक्के असते, लिटरभर पाकाला ४० लिटरच्या आसपास रस आटवावा लागतो. त्यांची कढई लांबट, म्हणून वरचं छप्परही लांब. आपली काहील गोल, तेव्हा माप त्यांचं घेऊ नका. काहिलीच्या बरोबर डोक्यावर ११ बाय ६ फुटांचा पत्रा कापा. त्यावर ३ फूट उंच खांब उभे करून छोटं छप्पर चढवा. लांब बाजूंना झडपा ठेवा. हे तोंड ६६ चौरस फूट होतं, काहिलीचं तोंड ६४ च्या घरात. हा माझा ठोकताळा आहे, आजवर फसलेला नाही. थंडीत आपल्याकडे वारा बहुधा पूर्वेचा, ईशान्येचा असतो. त्या अंगाची झडप मिटायची, दुसरी उघडी ठेवायची.

वरचं तोंड केलं आणि खाली सगळं बंद ठेवलं, तर वाफ तिथंच घुटमळते. भिंतींच्या तळाशी दोन बाजूंनी दीड-दीड फुटाची फट सोडा, उंदीर-घुशींसाठी जाळी लावा. फट काहिलीच्या अगदी समोर नको. वारा थेट काहिलीवर आला की वाफ उभी न चढता आडवी पसरते आणि गुळव्याच्या तोंडावर येते. त्याला पाकाचा रंग दिसायला हवा.

कापलेल्या तोंडाच्या आतल्या कडेला चारही बाजूंनी पन्हळ बसवायला विसरू नका. स्टेनलेस स्टीलची घ्या, एका कोपऱ्याकडे उतार द्या आणि पाणी पाइपनं शेडबाहेर काढा. छोट्या छपराला थेंब सुटणारच, ते उतारानं कडेला येऊन पन्हळीत पडले पाहिजेत. त्यासाठी त्या छपराचा उतार मोठा ठेवा, नाहीतर थेंब मधूनच सुटतो.

चुलवाणाचं धुराडं या छपरापेक्षा ३-४ फूट वर न्या, नाहीतर चिपाडाची राख झडपेतून आत येईल.

झडपेला नायलॉनची दोरी नको, लोखंडी तार आणि कप्पी लावा. तारेचं टोक गुळव्या उभा राहतो त्या खांबाला बांधा, म्हणजे हातातलं काम न सोडता त्याला झडप ओढता येईल.