व्हर्जिनियातल्या उमेदवारांचे निधीचे आकडे कसे वाचायचे

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. लाउडनमधल्या तुमच्या मतदारसंघात राज्याच्या प्रतिनिधीगृहासाठी उभ्या असलेल्या एकाने दुसऱ्याच्या तिप्पट निधी जमवलाय, म्हणजे निकाल लागल्यातच जमा का? आणि तुम्ही एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर आहात, तर ओळखीच्या उमेदवाराला शंभर डॉलर दिले तर चालतील का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण तिथली चूक अंगाशी येते. नाही चालत. एक डॉलरही नाही. नागरिक आणि ग्रीनकार्डधारक सोडून बाकी कुणीही अमेरिकेतल्या कुठल्याही निवडणुकीला पैसे देऊ शकत नाही. बऱ्याच जणांना वाटतं हा नियम फक्त राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेस (अमेरिकेची संसद) यांच्या निवडणुकांपुरता आहे. तसं नाही. कायदा संघराज्याचा असला तरी राज्य आणि स्थानिक निवडणुकाही त्यात येतात. ब्लूमन नावाच्या एका कॅनेडियन वकिलाने याला आव्हान दिलं होतं. तोही तात्पुरत्या व्हिसावर होता आणि त्याला ज्यांना पैसे द्यायचे होते त्यांत न्यूयॉर्क राज्याची एक सिनेटरही होती. 2011 मध्ये तो हरला. निकाल लिहिला न्यायाधीश ब्रेट कॅव्हनॉ यांनी (ते पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा नव्हते), आणि 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. बायकोचं ग्रीनकार्ड आहे म्हणून तिच्या नावाने तुमचे पैसे द्यायचे, हेही नको. दुसऱ्याच्या नावाने देणगी देणं हा वेगळा गुन्हा आहे. मात्र बिनपगारी काम करायला हरकत नाही. दारोदार फिरा, फोन करा, पत्रकं वाटा.

मी दोन निवडणुकांत एका उमेदवाराचा खजिनदार होतो. पहिल्याच वेळी आमच्या ओळखीतल्या एका घराच्या तळघरात निधीचा कार्यक्रम झाला. सत्तरएक माणसं, चपलांचा ढीग, एका रेस्टॉरंटवाल्यांनी फुकट पाठवलेले बटाटेवड्यांचे ट्रे. रात्री घरी येऊन चेक मोजायला बसलो तर नऊ जणांनी अर्जावरची ‘मी नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक आहे’ ही चौकट रिकामी ठेवलेली. दुसऱ्या दिवशी नऊ फोन केले. तीन चेक परत गेले. एक काका इतके रागावले की पुढच्या गणपतीत माझ्याशी बोलले नाहीत. वड्यांची किंमतही मी वस्तुरूप देणगी म्हणून चढवली. आमच्या उमेदवाराला ते फार गमतीचं वाटलं होतं.

आता तिप्पट निधीकडे येऊ. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा असते, 2022 पासून ती 40 लाख आहे. व्हर्जिनियात राज्याच्या निवडणुकीत खर्चालाही मर्यादा नाही आणि देणगीलाही नाही. कंपनीही देऊ शकते. कितीही द्या, फक्त जाहीर करा, एवढाच नियम. एकाच माणसाकडून एकूण शंभर डॉलरपेक्षा जास्त आले की नाव, पत्ता, व्यवसाय आणि नोकरीचं ठिकाण अहवालात येतं. त्यामुळे बातमीतला ‘एकूण निधी’ सोडा आणि अहवालच उघडा. व्हर्जिनिया पब्लिक अ‍ॅक्सेस प्रोजेक्ट ही निःपक्ष संस्था हे सगळं सोपं करून मांडते. आमच्यासारखे खजिनदारसुद्धा समोरच्याचे आकडे तिथेच बघतात.

उघडलात की पहिल्यांदा परिशिष्ट बी बघा, तिथे वस्तुरूप देणग्या असतात. पक्षाने उमेदवारासाठी टपालाने पत्रकं पाठवली आणि बिल परस्पर भरलं, तर ती रक्कम उमेदवाराच्या जमेत दिसते आणि खर्चातही. त्याच्या खात्यात मात्र दमडी येत नाही. चुरशीच्या जागेवर शेवटच्या महिन्यात या रकमा इतक्या फुगतात की ‘एवढे लाख जमवले’ हे वाक्यच फसवं होतं. ते त्याने जमवलेले नसतात, पक्षाने ती जागा हेरलेली असते. पण तीही बातमीच आहे, किंबहुना जास्त महत्त्वाची. पक्षाचा पैसा अचानक थांबला तर मी त्याला सर्वात वाईट लक्षण समजतो.

मग परिशिष्ट ई, म्हणजे कर्ज. उमेदवाराने स्वतःच स्वतःच्या मोहिमेला उसने दिलेले पैसे एकूण आकड्यात भर घालतात, पण त्यामागे एकही मतदार नसतो. स्वतःच्या पैशाचं उदाहरण आपल्यातलंच आहे. बेळगावचे श्री ठाणेदार 2018 मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी पक्षांतर्गत निवडणुकीत उतरले, स्वतःचे लक्षावधी डॉलर घातले आणि तिसरे आले. 2020 मध्ये डेट्रॉइटमधून राज्याच्या प्रतिनिधीगृहासाठी पुन्हा मुख्यतः स्वतःच्याच पैशावर लढले आणि निवडून आले. खिसा तोच, निकाल वेगळे.

तारीखही बघा. व्हर्जिनियात विधिमंडळाचं अधिवेशन जानेवारीतल्या दुसऱ्या बुधवारी सुरू होतं आणि ते चालू असेपर्यंत विद्यमान सदस्यांना देणग्या मागायला आणि घ्यायला बंदी आहे. समोरच्या नवख्याला नाही. त्यामुळे वसंतातल्या अहवालात विद्यमान सदस्य मागे दिसला म्हणून हुरळून जाऊ नका. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात लॉबीवाल्यांचे चेक कसे धावत येतात, तेही एकदा बघाच.

आणखी एक गोम. सुरक्षित जागेवरच्या ज्येष्ठ सदस्यांच्या खात्यातही भरपूर पैसे दिसतात. ते स्वतःच्या निवडणुकीसाठी नसतात, चुरशीच्या जागांवर वळवले जातात. ज्याच्या हातून वळतात त्याचं पक्षात वजन वाढतं. म्हणून सगळ्या उमेदवारांच्या बेरजा एकत्र करून कुणी ‘पक्षाने इतके कोटी जमवले’ म्हणालं, तर तोच डॉलर दोनदा मोजलाय का, एवढं विचारा. हे सगळं ज्या पदासाठी, त्याचा पगार कित्येक वर्षं सालाचा 17,640 डॉलर राहिला आहे.

देणाऱ्यांत मी आधी दोन नावं शोधतो. एक डॉमिनियन एनर्जी ही वीजकंपनी, कारण आपल्या विजेच्या दरांचे कायदे याच सभागृहात होतात. दुसरं क्लीन व्हर्जिनिया, शार्लट्सव्हिलचे गुंतवणूकदार मायकल बिल्स यांनी 2018 मध्ये उभी केलेली संघटना. डॉमिनियनचे पैसे न घेणाऱ्या उमेदवारांना ती पैसे देते. एका पैशाला तोडगा म्हणून दुसरा मोठा पैसा, हे मला फारसं रुचत नाही, पण मर्यादाच नसलेल्या राज्यात दुसरं काय होणार.

पैसे कमी असून जिंकल्याचं उदाहरण म्हणून सगळे न्यू जर्सीच्या एड डर यांचं नाव घेतात. ट्रकचालक, 2021 मध्ये त्यांनी राज्य सिनेटचे अध्यक्ष स्टीव्ह स्वीनी यांना पाडलं, म्हणे 153 डॉलरमध्ये. तो आकडा पक्षांतर्गत निवडणुकीपुरता होता, पुढे खर्च वाढला. तरीही स्वीनींच्या तुलनेत तो किरकोळच. त्याच जागेवर 2017 मध्ये राज्याच्या विधिमंडळाच्या इतिहासातली सर्वात महागडी लढत झाली होती आणि ती स्वीनी जिंकले होते. 2021 मध्ये लाटच उलटी होती.

तुमच्या मतदारसंघाबद्दल: जुलैच्या अहवालावरून काही ठरवू नका. 15 सप्टेंबरचा अहवाल 31 ऑगस्टपर्यंतचा हिशेब देतो. त्यात ‘एकूण जमा’ सोडून ‘हातात शिल्लक’ बघा, आणि त्यातून कर्ज वजा करा. इथे टीव्हीच्या जाहिराती वॉशिंग्टनच्या दराने घ्याव्या लागतात आणि शेजारच्या मेरीलँड राज्यातल्या लोकांनाही दिसतात, म्हणून टपाल आणि मोबाइलवरच्या जाहिराती हाच खरा खर्च. तो भागवण्यापुरती शिल्लक असेल तर दुसरा उमेदवार अजून शर्यतीत आहे. मतदानाआधीच्या शेवटच्या बारा दिवसांत हजार डॉलर आणि त्यावरच्या देणग्या तातडीने जाहीर कराव्या लागतात, तेव्हा रोज रात्री यादी उघडा. पक्षाने कोणाला सोडलंय ते त्यात दिसेल. एखादी नोंद कळली नाही तर देणाऱ्याचं नाव-पत्ता गाळून इथे टाका, मी बघतो.