मॉल नको, समुद्रकाठची गावं पाहाची आहेत

प्रश्न : आमचे जावई मस्कतले नोकरीले आहेत. दिवाळीनंतर सोयाबीन विकून झालं की आम्ही दोघं जाऊन राहतो. मॉल-फिल पाहाचे नाहीत, तिथली समुद्रकाठची जुनी गावं एका दिवसात होतात काय? यांचे गुडघे दुखतात आन मी माळकरी आहो.
– एक वाचक, कारंजा तालुका

उत्तर : होतात ना काकू, पण सगळं पाहीन म्हणाल तर गाडीतच दिवस जाईल. मस्कतहून सूर हे समुद्रकाठचं जुनं गाव दोनशे किलोमीटरच्या आसपास, रस्ता एकदम मक्खन, सकाळी लवकर निघा. वाटेत बिम्मा सिंकहोल लागतं, म्हणजे जमीन खचून झालेला खड्डा आन त्यात हिरवं-निळं पाणी, ते वरूनच पाहा, खाली पायऱ्या आहेत. वादी शाब या दरीचं नाव काढू नका, होडीतून पलीकडे गेलं की दगडगोट्यातून बरंच चालावं लागते. त्याऐवजी तिवी गावात थांबा, खजूर-केळीच्या बागा आहेत आन त्यांना फलजचं, म्हणजे पाटाचं पाणी. ओमानात या पाण्याच्या पाळ्या पूर्वी दिवसा सावलीवर आन रात्री ताऱ्यांवर मोजत, काकांना सांगा, तिथंही वीज नसतानाच पाळी यायची. कलहात या जुन्या बंदराचे अवशेष २०१८ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, पण आत सोडतात का ते जावयाला आधी विचारायला लावा.

खरा वेळ ठेवा सूरसाठी. तिथं लाकडी गलबतं बांधायचा कारखाना आहे, आधी बाहेरच्या फळ्या चढवतात आन आतल्या फासळ्या मागून, नकाशा मिस्त्रीच्या डोक्यात. सागवान मलबारातून समुद्रमार्गे यायचं कारण तिकडं तसं झाडच नाही, आन फळ्यांच्या फटीत काय ठोकतात माहीत आहे, तेलात भिजवलेला कापूस! आपल्याकडं भावाची बोंब, तिथं त्यावर जहाज तरंगते. जवळच 'फतह अल खैर' हे १९५१ चं गलबत ठेवलंय, विकलं गेलं होतं ते सूरच्या लोकांनी येमेनमधून परत आणलं.

पूल ओलांडून अयजा ही वस्ती, पांढरी घरं, दीपगृह, सपाट आहे, काका चालतील. शुक्रवार टाळा, दुपारी दुकानं बंद असतात. साडी चालते, फक्त बायांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. जेवायला केरळी हॉटेलात डाळ-भात मिळेल, पण कांदा-लसूण चालत नसेल तर धपाटे आन शेंगदाण्याची चटणी घरूनच बांधून घ्या, लेकीलेही तेच पाहिजे असेल.